उपरण्याखाली

पाटणबोरीच्या बाजारात भाव बोलून ठरत नसे.
आप्पा उपरणं सोडत, दलाल हात पुढे करी,
आणि कापडाखाली दोन पंजे
पोत्यातल्या उंदरांसारखे हलत.
वर मात्र हवापाण्याची गोष्ट:
यंदा नदी लवकर उतरली,
पांढरकवड्याकडे देवीची साथ आहे म्हणे.

एक बोट धरलं की एक. चार धरली की चार.
पंजा म्हणजे पाच.
तळहातावर नख ओढलं की अर्धा.
शेकडा, दहा की सुटे, ते ज्याचं त्याने ओळखायचं.
हात आधी काढतो
त्याला सौदा नको असतो.

हे त्यांनी मला शिकवलं, मी सहा वर्षांची असताना,
सरकीच्या ढिगावर बसून,
कारण कोंडय्या आकड्यात चुके
आणि राजन्नाला झोप येई.
पोट्टी हिसाबात तेज हाये, ते मापाऱ्याला सांगत.
आणि लगेच, मालात खोट दिसावी तसे,
पण पोट्टी हाये.

तेव्हा अमेरिका नावाच्या कुठल्याशा गावी
भाऊ भावाशी लढत होते.
आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच: बोजाला चौपट भाव.
कास्तकारांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या.
मायने कमरपट्टा केला, तो घट्ट झाला म्हणून दुसरा केला.
आप्पांनी बालाजीला मुंबईची घंटा वाहिली,
तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती.
वाचणारा गावात कोणी नव्हता,
देवालाही चाललं.

मग ते भाऊ थकले.
हिंगणघाटला तार आली, तिथून घोड्यावर बातमी.
एका बाजारी बोजा निम्म्यावर,
पुढच्या बाजारी गिऱ्हाईकच नाही.
कोठारात दोनशे बोजे.
वर उंदीर, खाली व्याज.

त्या माघात हिंगणघाटचे शेट आले.
दोन बायका वारलेल्या. मिशीला कलप,
उन्हात तो तांबडा दिसे.
आप्पांनी उपरणं सोडलं.
मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात.
कापूस दाखवायला काढलाच नव्हता,
तरी कापड हललं.
वर गोष्ट: यंदा थंडी टिकली.
हात बाहेर आले तेव्हा
आप्पांनी आपला धोतराला पुसला.

अकरावं सरत होतं मला.

एकोणिसाव्या वर्षी कुंकू गेलं.
सावत्र मुलांच्या नावाने वह्या मीच लिहू लागले,
आणि एका दुपारी जुन्या काढून
त्या माघाचं पान दोनदा वाचलं.
तेल, गूळ, गाडीभाडं, साहेबाच्या चपराशाला बक्षीस.
मी कुठेच नव्हते.

आप्पांची वाचा गेल्याचा निरोप वैशाखात आला.
भाऊ उशाशी, पाटी घेऊन बसलेले.
कुणाकडे किती येणं? कुठे काय पुरलंय?
आप्पा आढ्याकडे बघत.
उजवं अंग मेलेलं.
मला पाहिलं, तसं डाव्या हाताने
पांघरूण थोडं उचललं.
मी हात आत घातला.

चार बोटं.
थांबून, पंजा.
मग बराच वेळ काही नाही,
मला वाटलं झोपले.
मग तळहातावर नख, हळू, शेवटपर्यंत.

चारशे पन्नास कलदार
आणि वर आठ आणे.

ते आठ आणे कोणी वाढवले
की कोणी सोडले नाहीत,
हे बोटांना विचारता येत नाही.

काय म्हणतात? राजन्ना पुढे झुकला.
कापसाचा भाव, मी म्हटलं.
कुठल्या सालचा?
त्याने पेन्सिल उचलली होती.
जुन्या, मी म्हटलं. आता त्याचा उपयोग नाही.

हात मी काढला नाही.
त्यांनीही नाही.
वर गोष्ट चालू ठेवली:
यंदा ऊन फार आहे, आप्पा.
नदीत नुसती डबकी उरलीत.